ओर्मोकचे तीन तास

४ नोव्हेंबर १९९१ रोजी फिलिपाइन्समधल्या वर्तमानपत्रांना एकच बातमी होती. जवळजवळ सहा वर्षांच्या परागंदा आयुष्यानंतर इमेल्डा मार्कोस मनिलाच्या विमानतळावर उतरल्या होत्या. नवरा फर्डिनंड हवाईत वारला होता, डोक्यावर खटले होते, आणि तरीही स्वागताला गर्दी होती. इमेल्डाबाईंचं माहेर लेयते बेटावरचं. ताक्लोबान शहरातलं रोमुआल्देझ घराणं हे त्यांचं. त्याच दिवशी, लेयतेच्या पूर्वेला प्रशांत महासागरावर, एका कमी दाबाच्या क्षेत्राला वादळाचा दर्जा मिळाला. आंतरराष्ट्रीय यादीत त्याचं नाव थेल्मा. फिलिपाइन्सचं हवामान खातं, म्हणजे पागासा, आपली वेगळी यादी ठेवतं, तीत ते उरिंग. या बातमीकडे फारसं कुणी पाहिलं नाही. पाहण्यासारखं त्यात काही दिसतही नव्हतं.

वर्षाला सरासरी वीसेक वादळं फिलिपाइन्सच्या हद्दीत शिरतात. जुलै ते ऑक्टोबर हा त्यांचा भर. या महिन्यांत ती बहुधा उत्तरेकडे, लुझोनच्या किंवा तैवानच्या दिशेनं वळतात. ऑक्टोबर सरला की ईशान्येचे वारे सुरू होतात; तिथले लोक त्यांना ‘अमिहान’ म्हणतात. चीनकडून थंड हवा खाली उतरते आणि समुद्रावरच्या वादळांना दक्षिणेकडे रेटते. म्हणून मोसमाच्या शेपटाची वादळं मधल्या विसाया बेटांवर आणि त्याखालच्या मिंदानाववर जातात. त्यांतली काही अंगानं लहान असतात. समुद्र अजून उबदार असतो, पण वरच्या थरातले वारे अशा वादळाचा खांब ताठ उभा राहू देत नाहीत. उरिंगची कथा हीच. १ नोव्हेंबरला पलाऊ बेटांच्या उत्तरेला ते जन्मलं, पश्चिमेकडे निघालं, थंड हवेच्या आघाडीनं त्याला नैर्ऋत्येला वळवलं. विसाया बेटांवर येण्याआधी काही तास त्यानं आपला परमोच्च जोर गाठला: ताशी ७५ किलोमीटर वारा, मध्यभागी ९९२ मिलिबार दाब. टायफून म्हणवून घ्यायला ताशी ११८ किलोमीटर लागतात. या मापानं उरिंग म्हणजे वादळांच्या शाळेतला पहिल्या इयत्तेतला पोरगा.

आणि माप हेच होतं. फिलिपाइन्समधले इशारे क्रमांकानं दिले जातात, आणि तो क्रमांक वाऱ्याच्या वेगावर ठरतो. किती जोरानं वारा येईल, कोणत्या झावळ्या उडतील, कोणत्या भिंती पडतील, याचा तो अंदाज. पाऊस किती पडेल आणि पडून तो कुठे जाईल, हे त्या आकड्यात येत नाही. पिढ्यानपिढ्या टायफून सोसलेल्या माणसांनी मनात एक हिशेब पक्का केलेला होता: आकडा लहान, तर धोका लहान. त्यांना मूर्ख म्हणण्याची सोय नाही. त्यांच्या आयुष्यात हा हिशेब बहुतेक वेळा बरोबर आला होता.

लेयतेचा नकाशा डोळ्यांपुढे आणला तर बेटाच्या अंगातून डोंगराचा एक कणा उत्तर-दक्षिण जातो. पूर्वेला ताक्लोबान, पश्चिमेला ओर्मोक. ओर्मोकचा उपसागर शांत, आत शिरलेला, बंदराला सोयीचा. ७ डिसेंबर १९४४ रोजी अमेरिकी सैन्य शहराच्या दक्षिणेला इथेच उतरलं आणि जपान्यांची कोंडी झाली. त्या दिवशी उपसागरात ‘वॉर्ड’ नावाचं एक अमेरिकी जहाज बुडालं. बरोबर तीन वर्षांपूर्वी, ७ डिसेंबर १९४१ला, पर्ल हार्बरच्या तोंडाशी जपानी पाणबुडीवर पहिला गोळा टाकणारं जहाज तेच. इतिहासाला असे योगायोग आवडतात, त्यांचा अर्थ लावत बसू नये. लढाईत ओर्मोक बेचिराख झालं. १९४७ साली त्याला शहराचा दर्जा मिळाला, पुन्हा बांधणी झाली, आणि १९९०च्या खानेसुमारीत लोकसंख्या सव्वा लाखाच्या पुढे गेली.

शहराचा जुना भाग दोन नद्यांमध्ये आहे: आनिलाव आणि माल्बासाग. दोन्ही नद्या लहान. डोंगरातून निघून समुद्राला मिळेपर्यंत त्यांना काही फार अंतर कापावं लागत नाही. दोघींचं मिळून पाणलोट क्षेत्र पंचेचाळीस चौरस किलोमीटरच्या आसपास. आपल्याकडे सह्याद्रीतून कोकणात उतरणाऱ्या नद्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे चित्र नवं नाही: वर तीव्र चढ, खाली एकदम सपाटी, आणि मधे पाण्याला दम खायला जागा नाही. ओर्मोकची सपाटीही या नद्यांनीच आणलेल्या गाळाची. शहर त्रिभुज प्रदेशावर वसलं होतं, म्हणजे नदीनं कधी ना कधी जिथे जिथे हात फिरवला आहे अशा जमिनीवर.

या नद्यांच्या वरच्या अंगाला काय होतं? ऊस. आणि ऊस नाही तिथे नारळ. साखरेची गोष्ट जुनी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेनं आपल्या या वसाहतीच्या मालाला जकातीविना बाजार उघडून दिला आणि फिलिपाइन्समध्ये साखरेला सोन्याचा भाव आला. नेग्रोस बेट त्यात सर्वांत पुढे होतं, पण ओर्मोकचं खोरंही मागे राहिलं नाही. सपाटी भरली, मग टेकड्यांचे पायथे, मग उतार. जंगल तुटत गेलं ते एका वर्षात नव्हे आणि एका टोळीच्या हातूनही नव्हे. आजोबांनी साफ केलेल्या उतारावर नातू ऊस लावत होता. १९७५च्या वनविषयक हुकुमानुसार १८ टक्क्यांहून अधिक चढाची जमीन वनजमीन म्हणून राखायची होती. पण आधीच कुणाच्या नावावर झालेल्या जमिनींना त्यात सूट होती, आणि चांगल्या जमिनी नावावर कधीच्या झालेल्या होत्या. १९८८चा जमीन सुधारणा कायदाही आला, मोठ्या व्यापारी शेतांना त्यानं दहा वर्षांची मुदत दिली. कायदे आपल्या गतीनं चालत होते.

जमीन थोड्या घराण्यांच्या हाती असली की बाकीच्यांनी कुठे राहायचं? ओर्मोकमध्ये याचं उत्तर इस्ला व्हेर्दे नावाच्या वस्तीनं दिलं होतं. आनिलाव नदी शहरातून जाताना एक वळण घेते. त्या वळणात गाळाचा एक सखल पट्टा वर आला होता, नावापुरतं बेट, नदीच्याच पात्रात. जमिनीवर कुणाचा ताबा नाही, भाडं नाही, बाजार चालत जाण्याच्या अंतरावर. बांबू, फळ्या, पत्रा आणि निपा माडाच्या पानांची घरं उभी राहिली. पाचाची पन्नास झाली आणि १९९१पर्यंत तिथे अडीच हजारांच्या घरात माणसं राहत होती. नदीनं बहुतेक वर्षं फक्त उंबरे भिजवले असतील. शहराच्या दुसऱ्या भागांतही नदीचं तोंड अरुंद झालेलं होतं. काठांवर घरं, पात्रावर पूल, पुलांचे खांब. पाण्याला जायला जेवढी वाट हवी त्याहून कितीतरी कमी उरलेली.

५ नोव्हेंबर, मंगळवार. नुकताच ‘उंदास’ होऊन गेला होता. १ आणि २ नोव्हेंबरला फिलिपाइन्समधली बहुतेक ख्रिस्ती कुटुंबं दफनभूमीत जातात, थडगी पुसतात, मेणबत्त्या लावतात, तिथेच बसून जेवतात. इकडे महाराष्ट्रात त्या आठवड्यात दिवाळी होती. लेयतेवर सकाळपासून पाऊस होता, आणि त्यात कुणाला काही नवल नव्हतं. नोव्हेंबरातला पाऊस.

वादळाचे ओले वारे बेटावरच्या डोंगररांगेला आडवे धडकले, वर चढले, थंड झाले आणि आपलं सगळं पाणी एकाच जागी टाकून मोकळे झाले. बहुतेक विसाया बेटांवर त्या वादळात १५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला. लेयतेवर नोंद झाली २४ तासांत ५८०.५ मिलिमीटरची. आकडा ओळखीचा वाटावा म्हणून सांगतो: २२ जुलै २०२१ला चिपळूण आणि महाड बुडाले तेव्हा महाबळेश्वरच्या मापकात चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर भरले होते. फरक इतकाच की लेयतेवरच्या पावसाचा मोठा हिस्सा तीन तासांत पडला. ताशी १६७ मिलिमीटरपर्यंत जोर गेला. या दराला छत्री, नाला, गटार, मोरी हे शब्द निरर्थक होतात.

डोंगरात माती आधीच चिंब होती. उसाच्या आणि गवताच्या मुळांना वरवरची माती धरता येते, खोलवरची नाही. उतार जागोजागी सुटले. एकच मोठी दरड कोसळली असती तर कदाचित कुणाच्या लक्षात आलं असतं. इथे लहान लहान शेकडो कोसळल्या, आणि माती, दगड, उन्मळलेली झाडं नद्यांच्या अरुंद घळींत गोळा होत गेली. असा राडा जिथे अडकतो तिथे काही वेळ धरण तयार होतं. मागे पाणी तुंबतं, मग सगळं एकदम सुटतं. म्हणून अशा पुराचं पाणी हळूहळू चढत नाही, ते भिंतीसारखं येतं. नद्या इतक्या आखूड की डोंगरात सुटलेलं पाणी शहरात यायला फार वेळ लागत नाही. खाली शहरात पुलांनी तेच काम पुन्हा केलं. ओंडके आणि मोडक्या घरांचा पसारा कमानींत अडकला, पाण्यानं पात्र सोडलं आणि रस्ते धरले.

दुपार होण्याआधी हे सुरू झालं. काही मिनिटांत रस्त्यांवर पुरुषभर पाणी झालं. तळमजल्यावर अडकलेल्यांना वर जायला जिना नसेल, तर छप्पर फोडण्याशिवाय मार्ग नव्हता. इस्ला व्हेर्देला वर जाण्यासारखं काही नव्हतंच. नदीचं पात्र भरलं तेव्हा ती वस्ती पात्राच्या आत होती. अडीच हजारांतले सुमारे दोनशे वाचले. बाकीचे आपल्या घरांसकट उपसागरात गेले. तीनेक तासांनी पाणी ओसरलं आणि चिखल उरला. वारा या सगळ्यात कुठेच नव्हता. तो आला तेव्हाही बेताचाच होता, आणि दुसऱ्या दिवशी उरिंग दक्षिण चीन समुद्रावर पोचलं, तिथे क्षीण झालं, ८ नोव्हेंबरला दक्षिण व्हिएतनामच्या किनाऱ्यावर पोचलं आणि पुढे विरलं.

मृतांची मोजदाद हा वेगळाच विषय आहे. अधिकृत आकडा सांगतो, ओर्मोक शहरात ४,९२२. त्यातले २,३०० नदीकाठचे. शहराबाहेर लेयते आणि नेग्रोसवर आणखी १५९. एकूण ५,०८१. बेपत्ता कुणी १,९४१ धरतं, कुणी ३,०८४. हा फरक कारकुनी चुकीचा नाही. ज्यांच्या राहण्याचीच कुठे नोंद नव्हती त्यांच्या नसण्याची नोंद करायची होती. नदीतल्या वस्तीत कोण राहतं याचा कागद कुणाकडे नव्हता. शेजाऱ्याला माहीत असायचं, आणि शेजारीही गेलेला. पूर्ण घर गेलं तर हरवल्याची तक्रार करायला माणूसच उरत नाही. प्रेतं कित्येक दिवस किनाऱ्याला लागत राहिली. उष्ण हवा, शवागाराची सोय नाही, रोगराईची भीती. ट्रकांनी मढी नेऊन मोठे खड्डे खणून पुरली. अनेकांची ओळख पटवायलाही वेळ मिळाला नाही. चार दिवसांपूर्वी आपल्या माणसाच्या थडग्यावर मेणबत्ती लावणाऱ्या कुटुंबांना आता मेणबत्ती नेमकी कुठे लावायची हेच समजेनासं झालं.

फिलिपाइन्सच्या त्या शतकातल्या वादळांपैकी सर्वाधिक बळी घेणारं वादळ कोणतं, तर हेच, ताशी ७५ किलोमीटरचं. २०१३पर्यंत हा विक्रम त्याच्याच नावावर होता.

मग दोषी शोधण्याचं काम सुरू झालं. पहिला हात उठला तो बेकायदा वृक्षतोडीकडे. हे सोयीचं होतं. लाकूडतस्कर नावाचा खलनायक सगळ्यांच्या ओळखीचा, राजकीय वरदहस्त असलेला, आणि देशभर त्यानं खरोखरच जंगलं खाल्लेली होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फिलिपाइन्सचा बहुतेक भूभाग जंगलानं व्यापलेला होता. १९९०च्या सुमारास तो जेमतेम एक पंचमांश उरला होता. पण ओर्मोकच्या वरच्या टेकड्यांवर पाहणी करणाऱ्यांना ताजे बुंधे शोधावे लागले. तिथे तोडण्यासारखं जंगल पुष्कळ वर्षांपूर्वीच संपलं होतं. तिथे होती ती रीतसर सातबारा असलेली शेती, म्हणजे त्यांच्याकडे जो काही सातबाऱ्यासारखा कागद असतो तो असलेली. गुन्हेगार शोधायला गेलं तर मालक भेटत होता. मला वाटतं, त्या चर्चेला पुढे धार राहिली नाही याचं एक कारण हे असावं. चोराला पकडणं सोपं. शंभर वर्षं कायदेशीरपणे चाललेल्या गोष्टीला कुणी आणि कशी पकडायची?

हेही खरं की नुसत्या झाडांनी सगळं वाचलं असतं असं म्हणता येत नाही. तीन तासांत एवढा पाऊस पडला तर घनदाट जंगलाचे उतारही सुटतात. जंगलानं दरडी कमी झाल्या असत्या, पाणी काहीसं उशिरा आलं असतं, त्यात ओंडक्यांचा आणि मातीचा भार कमी असता. पण नदीच्या पात्रात अडीच हजार माणसं राहत असतील, तर ‘काहीसं उशिरा’ यात किती जीव बसतात हा हिशेब प्रत्येकानं आपापला करावा.

शहराची डागडुजी जपानच्या मदतीनं झाली. इथे एक गंमत आहे. ज्या उपसागरात १९४४ साली जपानी कुमक बुडवली गेली, तिथेच पुढे जपानी अभियंते नकाशे घेऊन आले. जपान हा स्वतःच डोंगर, आखूड नद्या आणि वादळांचा देश, त्यामुळे त्यांना ओर्मोकचा रोग लगेच कळला. आनिलाव नदीवर दोन आणि माल्बासागवर एक अशी तीन फटींची धरणं बांधली गेली. ही धरणं पाणी साठवत नाहीत. भिंतीत उभ्या फटी असतात. रोजचं पाणी त्यांतून निघून जातं, पूर आला की दगड आणि ओंडके मागे अडतात आणि खाली शहराकडे पाणीच तेवढं जातं. पात्र रुंद केलं, काठ बांधले, जुने पूल काढून नवे उभारले. २००१मध्ये हे काम संपलं. नदीतली वस्ती अर्थातच हलवली. पुढे मोठे पाऊस आले तेव्हा नद्या पात्रात राहिल्या. अभियांत्रिकीनं दिलेलं वचन पाळलं, आणि एवढ्या पैशांत एवढी माणसं वाचवणारी कामं जगात फार नसतील. उरिंग हे नाव पागासानं यादीतून काढून टाकलं.

पण धडा ओर्मोकपुरताच राहिला. २९ नोव्हेंबर २००४ला विनी नावाचं एक वादळ, खरं तर वादळाच्या दर्जालाही न पोचलेला कमी दाबाचा पट्टा, लुझोनच्या पूर्व किनाऱ्यावर रेआल, इन्फान्ता आणि हेनेराल नाकार या गावांवर बरसला. डोंगर सुटले, ओंडके गावांत शिरले, मृत आणि बेपत्ता मिळून पंधराशेहून अधिक माणसं गेली. डिसेंबर २०११मध्ये, नाताळच्या आठवडाभर आधी, वाशी आलं. तिथल्या यादीत सेंदोंग. ताशी ९५ किलोमीटरचा वारा. मिंदानावचा उत्तर किनारा वादळांच्या वाटेत क्वचित येतो, त्यामुळे कागायान दे ओरो आणि इलिगान इथले लोक निर्धास्त झोपले होते. रात्री नद्या चढल्या. बाराशेहून अधिक मेले. कागायान दे ओरो नदीच्या पात्रात वाळूच्या पट्ट्यावर एक वस्ती होती, ‘इस्ला दे ओरो’ नावाची. तीही तशीच गेली. वीस वर्षांनी, दुसऱ्या बेटावर, त्याच प्रकारच्या जागेवर, त्याच प्रकारची माणसं.

आणि मग ८ नोव्हेंबर २०१३. हैयान, स्थानिक नाव योलांदा, जमिनीवर आदळलेल्या नोंदवलेल्या वादळांत सर्वांत जोराच्यांपैकी एक. लेयतेच्या पूर्व किनाऱ्यावर ताक्लोबानला समुद्राची लाट आत शिरली आणि हजारो माणसं गेली; उरिंगचा विक्रम मोडला. हेच वादळ डोंगर ओलांडून ओर्मोकवरूनही गेलं. शहरातलं जवळजवळ प्रत्येक छप्पर उडालं किंवा फाटलं. आनिलाव आणि माल्बासाग मात्र पात्रात राहिल्या. ओर्मोकमधल्या मृतांची संख्या दोन आकड्यांत थांबली. म्हणजे एकाच शहरानं, बावीस वर्षांच्या अंतरानं, आपल्या इतिहासातला सर्वांत प्रचंड वारा आणि एक अगदी किरकोळ वारा सोसला, आणि मेलेल्यांची संख्या नेमकी उलटी लागली.

दरम्यान पागासानंही आपली मापं सुधारली. २०१२पासून पावसासाठी वेगळे इशारे सुरू झाले, पिवळा, नारिंगी, लाल. हैयाननंतर वाऱ्याच्या क्रमांकांतही पाचवा जोडला गेला. आता मोबाइलवर संदेश येतात. अनेक ठिकाणी पर्जन्यमापक आहेत.

१० एप्रिल २०२२ रोजी लेयतेच्या परिसरात मेगी आलं, तिथल्या यादीत अगातोन. यावेळी मोसमाचं शेपूट नव्हतं, मोसमच नव्हता. ईस्टरआधीच्या होली वीकची सुरुवात होती. वादळ जवळजवळ जागच्या जागी रेंगाळलं आणि पाऊस पाडत राहिलं. ओर्मोकच्या दक्षिणेला बायबाय शहर आहे. तिथे डोंगरउतारावरच्या नारळाच्या बागा खालच्या वाड्यांवर आल्या. डोंगराच्या पलीकडे आबुयोग गावात पिलार नावाची किनाऱ्यालगतची वाडी होती; दरडीनं ती ढकलत समुद्रात नेली. दोनशेहून अधिक माणसं मेली. वाऱ्याचा सर्वाधिक वेग नोंदवला गेला तो ताशी ७५ किलोमीटर.